कारणाचा रकाना

"मार्क मी देणार नाही. तुमचे तुम्ही वाटून घ्या. आणि का, तेही रकान्यात लिहा... खरं लिहा."

संतराम सरांचं ते बोलणं शिलाच्या कानात जसंच्या तसं होतं. सिद्धेश्वर धरणावर सर्व्हेचा कॅम्प लागला त्या सकाळी, शाल अंगाभोवती ओढून सर बोलले होते. साल अठ्ठ्याण्णव, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. एरवी मास्तरांनी आकडा टाकायचा आणि पोरांनी मान डोलवायची. यंदा मात्र जोडीला मिळून शंभरपैकी मार्क, वाटणी दोघांनी करायची, कागदावर दोघांच्या सह्या. ज्याच्या वाट्याला वीसच्या खाली, तो नापास.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. शिलाच्या चिठ्ठीत हरीश निघाला. पुसेगावचा, वर्गात पहिल्या पाचातला, आणि दोन वर्षांत तिच्याशी एक शब्दही न बोललेला.

"तुमी डोंगरकड्याच्या ना?"

"डोंगरकड्याजवळच्या तांड्याची. काहून?"

"न्हाई... आपल्याच जिल्ह्याच्या, म्हणून."

"मग काय, वाटणीत जास्त मार्क देता का?"

तो असा काही हसला, की शिलालाच नजर वळवावी लागली.

ती दुर्बिणीला डोळा लावायची. तो आकड्यांची उंच पट्टी धरून कालव्याच्या कडेनं पुढंपुढं उभा राहायचा. दुर्बीण जुनी, सगळं उलटं दाखवायची. आभाळ खाली, तुरीचं शेत वर, आणि मधोमध हरीश डोक्यावर उभा.

"सरळ उभे राहा की!"

"सरळच हाय!"

"मला उलटे दिसून राहिले... बरे दिसता पण!"

धरणावरून गार वारा यायचा. सोमवारी तिचा उपवास होता. पोरं हरभऱ्याचा ढाळा सोलत बसली, तेव्हा हरीश आपल्या वाटचा ढाळा तसाच हातात धरून बसला—एक घाटा तोंडात टाकला नाही. तिनं पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

चौथ्या दिवशी उंची मोजायची फेरी पुरी झाली. ज्या दगडावरून निघाले, त्याच दगडावर परत आले, म्हणजे उंची तीच यायला हवी. ती सहा सेंटिमीटर कमी आली. जोडीला मिळाले अवघे तीस मार्क. पंधरा-पंधरा घेतले, तर दोघंही नापास!

"पोरीच्या डोळ्याला दुर्बीण दिली, दुसरं काय व्हनार?" पोरं दोन दिवस हेच म्हणत राहिली. शिलानं आकडेमोड तीनदा तपासली. ती बराबर होती. वर्ष बुडालं की शिक्षण बंद, हे घरी ठरलेलंच होतं. आईनं, सोजराबाईनं, मुलगाही पाहून ठेवला होता.

सहाव्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांची जीप आली. "हे खेळ पुरे झाले. पाचपर्यंत सह्यांचा कागद आला नाही, तर मागच्या वर्षीच्या नंबरानं मार्क टाकीन." मागच्या वर्षी शिला कशीबशी पास झालेली.

साडेचारला हरीशनं कागद तिच्या पुढं धरला. शिला बावीस, हरीश आठ. कारण : चूक माझी.

"ही खैरात कुणाला?" तिचा आवाज हळू होता, पण धारदार.

"खैरात न्हाई. खरं हाय."

"मग पुरतं लिहा. पट्टीवाल्याची कसली चूक?"

हरीश गवताची काडी मोडत राहिला. "कालव्याच्या वळणावर... तुमी दुर्बीण पुढं नेताना पट्टी जागची हलवायची नसती. तुमी माझ्या पुढून निघाल्या. ओढणी कंबरेला खोचलेली, काहीतरी गुणगुणत... मी बघतच राहिलो. पट्टी कधी उचलली, कुठं टेकवली—काही सुध न्हाई राहिली."

शिलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि लगेच दुसरंच काही पेटलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? पोरं माझ्या डोळ्याला नावं ठेवून राहिली, अन् तू गप बसलास?"

'तू' कसं निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"सांगितलं असतं, तर का तेबी सांगावं लागलं असतं. मग तू बोललीच नसतीस माझ्याशी."

"आता तरी कुठं बोलून राहिले? भांडून राहिले!"

तिनं पेन ओढून घेतलं. बावीस खोडले, आठ खोडले. शिला शून्य. हरीश शून्य. कारण : फेरी चुकली आहे, पुन्हा काढू. खाली सही ठोकली.

"वर्ष जाईल, शिला."

"जाऊ दे. खोट्या उंचीवर पास व्हायचं न्हाई मला. अन् तुला खाली पाडून तर मुळीच न्हाई."

हरीशनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.

विभागप्रमुखांनी कागद उलटसुलट केला. "शून्य मागणारी पोरं पहिल्यांदाच पाहतोय."

"तीस मार्क परत घ्या, सर," शिला म्हणाली. "उद्याचा दिवस द्या. वळणापासून पुढचं पुन्हा मोजतो."

"नियमात बसत नाही."

"चुकीच्या उंचीवर कालवा काढला, तर शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. हे बसतं का नियमात, सर?"

संतराम सर शांतपणे म्हणाले, "कॅम्प उद्या संपतो. तोवर मार्क माझ्याकडे आहेत."

"उद्या पाच! नाही जुळलं, तर हेच शून्य पक्कं," म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

धूळ खाली बसल्यावर शिला म्हणाली, "अन् आणखी एक. उद्या निघायच्या आधी सांगायचं. चूक कुणाची... समद्यांसमोर."

"का, तेबी?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "...तेबी."

"गावभर होईल. तांड्यावर जाईल, पुसेगावला जाईल."

"जाऊ दे. मला कुठं लपवायचंय? मी तर..."

"मी तर काय?"

"मला जायला बांधावरून वाट होती. मी मुद्दामच तुझ्या पुढून गेले."

हरीश एवढंच बोलला, "सांगतो. समद्यांसमोर सांगतो."

सकाळी शिलानं उगवतीकडं तोंड करून सेवालाल महाराजांचं नाव घेतलं, हात जोडले. डोळे उघडले, तर लिंबाखाली पोरं चहाचे पेले घेऊन शेकत बसलेली. अलीकडं, तिच्याजवळ उभ्या हरीशनं आपला पेला खाली ठेवला. स्वेटरचं वरचं बटण लावलं. पट्टी जवळच्या बाभळीला टेकवली. आणि एकदाही मागं न बघता, तो त्यांच्याकडं चालू लागला.