बाराची धून वाजेपर्यंत

नऊला दहा कमी असताना हिसाए एकावासाकी स्टेशनावर उतरली आणि पिशवीतली सायकल बाहेर काढून जोडायला बसली. पुढचं चाक, पॅडल, हँडल. दहा मिनिटांचं काम. मे महिना होता, आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता आणि शिमान्तो नदी इतकी उतरली होती की काठचे गोटे पांढरेफटक दिसत होते.

एकसष्ट वर्षांच्या हिसाएची चौतीस वर्षं जमीन मोजण्यात गेली होती. जे मोजता येत नाही त्याबद्दल ती सहसा बोलत नसे. गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, आणि ओसाकातली लेक नागिसा मागे लागली: कोचीचं घर विक, माझ्याकडे ये. खूप वाद झाले. शेवटी ठरलं की हिसाएने एकटीने नदीकाठाने नाकामुरापर्यंतचे चाळीस किलोमीटर सुखरूप पार केले, तर नागिसा तो विषय पुन्हा काढणार नाही.

पहिल्याच चढावर चहाचा मळा लागला. कोवळी पानं खुडणारी एक बाई तिला पाहून हसली.

"वाळले की हो कपडे! एवढ्यात?"

"कुणाचे?"

"तुमचेच. अर्ध्या तासापूर्वी गेलात ना इथून, नखशिखान्त भिजून. टॉवेल नाही का दिला मी?"

टॉवेल कुंपणावर टाकलेला होता. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

"दुसरं कुणी असेल," हिसाए म्हणाली. "मी तेव्हा गाडीतून उतरत होते."

"असेल बाई. पण हेच पिवळं जॅकेट. आणि डावा पाय जपून टाकत चालत होतात."

पिवळी जॅकेटं काय कमी आहेत, असं मनाशी म्हणत हिसाए निघाली. उतार लागला. वारा कानात भरला, पाय हलके झाले. खुबा दुखत नव्हता. कितीतरी महिन्यांनी ती मोठ्याने गाणं म्हणू लागली.

साडेदहाला ती भाताच्या मुटक्यांच्या टपरीपाशी थांबली. टपरीवाल्या म्हातारीने तिला नीट न्याहाळलं.

"पुन्हा आलीस होय? आता तरी खा काहीतरी."

"आजी, मी पहिल्यांदाच येतेय."

"असं कसं? पंधरा मिनिटं झाली असतील. इथंच बसलीस. सारखी किती वाजले विचारत होतीस. डोक्यावर हेल्मेट असून चालत का निघालीस, सायकल कुठंय म्हटलं, तर नुसतं नदीकडे बोट केलंस."

बाकावर माणूस बसल्याएवढा ओला डाग होता. मळा इथून चौदा किलोमीटर मागे. दीड तासाहून कमी वेळ, लंगडत, पायी. हिसाएने दोनदा हिशोब केला. तो बसत नव्हता. तिने मुटका उभ्यानेच खाल्ला आणि टपरीवाल्या आजीला नमस्कार करून निघाली. त्यानंतरच्या दोन गावांतून ती कुणाकडे न बघता गेली.

बाराला सहा मिनिटं कमी असताना पूल आला. पुराचं पाणी अडू नये, वरून निघून जावं म्हणून मुद्दाम बांधलेला, ठेंगणा, बिनकठड्याचा, एक गाडी जेमतेम मावेल एवढा. मधोमध थांबून नागिसासाठी फोटो काढायचा, हे कालपासून ठरलेलं होतं. पण पुलाच्या तोंडावर ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून मासे धरायचं जाळं सांधत होते. खुर्ची बरोबर रस्त्यात होती.

"काका, जरा वाट द्या."

"बाराची धून वाजेपर्यंत नाही."

"पूल बंद आहे का?"

"पूल कसला बंद! तोकुजीने बंद केलाय. म्हणजे मी." त्यांनी जाळ्यातून मान वर केली. "तोवर मला सोडू नका म्हणून तुम्हीच शपथ घातलीत ना आत्ता? माझा हात धरलात. उभा जन्म या नदीत गेला माझा, पण इतका गार हात कधी हातात आला नव्हता."

हिसाएला रागही आला आणि हसूही. "आज सगळ्यांनी मिळून माझी थट्टा चालवलीय का? सरका, मी निघाले."

"निघा खुशाल. मग नागिसाला काय सांगायचं?"

हिसाएचा पाय पॅडलवरच राहिला.

"हे नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच."

ती खाली उतरली. तोकुजींनी थर्मासमधून जवाचा चहा ओतून दिला. तिने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं कमी.

पलीकडच्या चढावर काहीतरी करकरलं.

एक छोटा ट्रक मागे मागे उतरत होता. आत कुणी नव्हतं.

तो सरळ पुलावर आला. वेग वाढत गेला.

मधोमध त्याचं तोंड फिरलं. एक चाक कडेबाहेर गेलं.

पाणी उंच उडालं. आवाज त्यानंतर आला.

मग गावच्या कर्ण्यावर बाराची धून वाजू लागली.

ट्रकवाला पलीकडच्या शेतातून ओरडत धावत आला. पुलावर कुणी नव्हतं हे कळताच तो रस्त्यातच मटकन बसला आणि रडू लागला. हिसाएने लेकीला फोन लावला. पुलाचं, ट्रकचं सगळं सांगितलं, भिजलेल्या बाईचं मात्र नाही.

"आई, मी घ्यायला येऊ?"

"नको. बाराच किलोमीटर राहिलेत. मी जाणार आहे."

"ऐकणार नाहीस तू. बरं, जा. आणि घराचं राहू दे आता. पुढच्या खेपेला मलाही घेऊन चल."

हिसाएने डोळे पुसले आणि सायकलवर टांग टाकली. तोकुजींनी खुर्ची बाजूला घेतली.

"एक मात्र मला कळलं नाही," ते म्हणाले. "हात सोडताना तुम्ही काहीतरी विचारलंत."

"काय विचारलं मी?"

"म्हणालात, या वेळी तरी थांबवाल ना?"