पाचवा चौकोन

आमच्या सूनबाईचं काम घरूनच चालतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मोठा पडदा, आणि पडद्यावर दिवसभर काही ना काही हलत असतं. मी चौथी पास, पण डोळे काही चौथीत राहिलेले नाहीत. तिच्यामागे मटार सोलत बसून मी ते काम शिकले. आधी साधे रंगीत चौकोन घ्यायचे. ते कुठून येतील, कुठे थांबतील ते ठरवायचं. मग चौकोन निवडायचा, एक बटण दाबून धरायचं आणि फोटो त्याच्यावर नेऊन सोडायचा. चौकोन जातो, फोटो येतो, चाल तीच राहते.

म्हणजे चाल जागेची, तोंड कुणाचंही, असं मी म्हटलं. ती हसली.

यांच्या सत्तरीसाठी ती घरातल्यांची फिल्म करत होती. सहा चौकोन खालून वर यायचे आणि ओळीत उभे राहायचे. पाचवा मात्र अर्ध्यात थांबला, डावीकडे जरासा कलला आणि पडद्याबाहेर निघून गेला. तिने तीनदा तपासलं.

"मी याला असं काही दिलेलंच नाही, आई."

नंतर बघू म्हणून तिने फोटो बसवले. पहिले हे, दुसरे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मग मुलगा, सूनबाई, आणि पाचवी मी. सहावी नात. माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं हे घर ओढलं ते पोरीबाळींत शेवटाला बसायला? भाऊजींना मागे कर, मला यांच्या शेजारी घे, असं बजावलं. भाऊजी तिथेच पेपर वाचत होते.

"दे गं बाई वहिनींना पुढची जागा," ते म्हणाले, "नाहीतर मला जेवण मिळायचं नाही."

सूनबाईने फोटो बदलले. मी दुसरी, भाऊजी पाचवे.

चार दिवसांनी सकाळी भाऊजी चहा पीत होते. कप अर्ध्यात थांबला. मान डावीकडे जराशी कलली. मग ते डाव्या अंगाला सरकत गेले, इतके हळू की मी त्यांच्या हातातला कप काढून घेऊ शकले. चहा सांडला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं.

पुढे सूनबाईला तो फोटो बघवेना. तिने पाचवी जागाच काढून टाकली. मागचा फोटो एक घर पुढे सरकला. नातीचा.

तो अर्ध्यात थांबला, कलला, गेला.

दुसऱ्या दिवशी नात लिहायला बसली होती. पेन्सिल वहीवर थांबली. मी म्हटलं, नीट बस.

"मी नीटच बसलेय, आजी."

तिचं डोकं डाव्या खांद्याला टेकलं होतं.

सूनबाईने सगळी फिल्मच पुसून टाकली. दुपारी नात जेवताना पुन्हा कलली. मी ताट सरळ केलं, तिला सरळ केलं. हात काढला की ती परत तिकडेच.

मी हात धुतले आणि सूनबाईच्या मागे जाऊन उभी राहिले.

"कचऱ्यातून ती फिल्म परत काढ. पाचव्या जागी माझा फोटो टाक."

"आई, तुमचा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"नाही. पण जागा माझी होती. मी उगाच तोरा मिरवला."

फोटो मीच उचलला. बटण तिने दाबून धरलं. मी सोडला.

आतल्या खोलीत नात गुणगुणायला लागली. दारातून पाहिलं. पाठ ताठ, मान सरळ, माझ्यासारखी.

त्याला आज तीन दिवस झाले. मी खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे. सकाळपासून सूनबाई दोनदा म्हणाली, आई, नीट बसा.

मी नीटच बसले आहे. ही समोरची भिंतच तेवढी हळूहळू उजवीकडे सरकते आहे.