रिकाम्या घरात कोण?

वरून ठक् ठक् असा आवाज आला आणि ताईच्या काळजात धस्स झालं.

आजही तेच. घर बघायला आलेलं जोडपं स्वयंपाकघरात नळ सोडून पाण्याचा जोर बघत होतं. दलाल त्यांना ओट्याची लांबी समजावत होता. तिघेही एकदम गप्प झाले. फक्त जोडप्यातल्या नवऱ्याची म्हातारी आई काठी टेकत जिना चढत राहिली. आजींना ऐकू कमी येत होतं.

"आजी, थांबा. वर जाऊ नका," ताई खालून ओरडली.

आजींनी वरच्या खोलीचं दार ढकललं. ते थोडं उघडलं आणि आतून धाडकन परत लोटलं गेलं. आधी काठी घरंगळत खाली आली, मग आजी.

मनगट भलतीकडेच वळलं होतं. "आत कुणीतरी आहे," आजी कण्हत म्हणाल्या. "वाऱ्याने नाही लोटलं दार. माणसाने लोटलं."

फाटकाशी रेंगाळणारे शेजारचे काका आवाज ऐकून आत आले. दलाल जीव मुठीत धरून वर गेला. खोली रिकामी होती. मागच्या गच्चीचं दार मात्र सताड उघडं होतं. गच्चीतून एक लोखंडी जिना परसात उतरत होता. पण मागच्या गल्लीत उघडणारं परसाचं दार बंद होतं, कुलपासकट.

ताईने धाकट्या भावाला फोन लावला. "तू ये रे. आत्ताच्या आत्ता ये."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आजींना स्ट्रेचरवर घ्यायला धाकट्यानेच हात लावला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र राखेसारखा.

"पोलिसांना कशाला बोलवायचं, ताई?" तो हळूच म्हणाला.

"म्हातारीचा हात मोडलाय. आता मी एकटी ह्या घरात पाऊल टाकणार नाही."

फौजदारबाई आल्या आणि त्यांनी जिन्यावरच बसकण मारली. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. त्यांनी ताईला शेजारी बसवून घेतलं.

"घर कुणाचं?"

"वडिलांचं. ते गेले, आता आम्हा दोघा भावंडांचं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. घर विकण्याचा अनुभव नाही हो मला. दलालाने सांगितलं, सामान काढा, भिंती रंगवा, पडदे उतरवा, म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. तसं केलं. आणि तेव्हापासून हे सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"दुपारी दुकानातून निसटून मी झाडलोट करायला यायचे. वर पावलं वाजायची. वरची मोरी ओली असायची. एकदा खिडकीच्या गजाला हँगर लटकत होता. मी घरात चिंधीसुद्धा ठेवली नव्हती, सगळं भंगारवाल्याला दिलं होतं. रविवारी धाकटा सोबत असायचा, तेव्हा काहीच व्हायचं नाही. एकटी असले की... ती बाबांची खोली. मला वाटायचं, मी घर विकतेय म्हणून बाबाच..."

"आणि गिऱ्हाईकं?"

"आली की वर ठोकल्याचा आवाज. दोन घरची माणसं तशीच उलट पावली गेली."

"परसाच्या दाराची किल्ली?"

"माझ्याकडे. मी फार घाबरले म्हणून धाकट्याने कुलूपच बदलून दिलं. दलालाकडे फक्त पुढच्या दाराची आहे."

मग दलालाची पाळी आली.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक पळालं तर माझ्याच पोटावर पाय. आणि मी ओट्याशी उभा होतो, सगळ्यांसमोर."

काकांनी आडपडदा ठेवला नाही. "मला हे घर माझ्या मुलासाठी हवं होतं. गिऱ्हाईक पळालं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मी फाटकाशी होतो."

"फाटकातून कोण आलं-गेलं?"

"कुणी गेलं नाही. आला तो ह्यांचा भाऊ. मागच्या गल्लीकडून, पायीच, ॲम्ब्युलन्सच्या आधी."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

"तुमचं ऑफिस कुठे?"

"शहराच्या पार त्या टोकाला. बसने तासाच्या वर लागतं. म्हणून तर रविवारशिवाय मला जमत नाही."

"ऑफिसचा नंबर द्या."

"मोबाईलवरच करा ना. मीटिंगमध्ये असलो की तिथे कुणी फोन देत नाही."

फौजदारबाईंनी मान डोलावली आणि त्या वर गेल्या. ताई त्यांना चिकटूनच मागोमाग चढली. खोलीत नवीन रंगाचा वास होता. हँगर अजून गजालाच होता. खिडकीखालच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती.

"रिकाम्या खोलीत मुंग्या कशाला येतात?" फौजदारबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक येणार हे तुम्ही कुणाला सांगायचात?"

"दलाल मला कळवायचा. मी धाकट्याला फोन करायचे, दर वेळी. मला धीर यायचा तेवढाच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही खाली बसा. मला जे सांगायचंय ते तुमच्या भावासमोर सांगते."

दलाल आणि काकांना त्यांनी बाहेर पाठवलं. रिकाम्या दिवाणखान्यात तिघंच उरली. शब्द भिंतींवर आपटून परत येत होते.

"ताई, मेलेल्या माणसाला भूक लागत नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "वर रोज कुणीतरी जेवतं, म्हणून मुंग्या आहेत. हात धुतं, म्हणून मोरी ओली. अंगातला शर्ट काढून हँगरला लावतं, इस्त्री मोडू नये म्हणून. असा शर्ट कोण जपतं? ज्याला संध्याकाळी ऑफिसातून आल्यासारखं घरी जायचं असतं, तो."

ताईने भावाकडे पाहिलं नाही.

"रविवारी काही व्हायचं नाही, कारण तुमच्यासोबत असायचा तोच वरचा माणूस. परसाचं कुलूप त्याने बसवलं, दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवली. गिऱ्हाईकाची वेळ तुम्हीच त्याला सांगायचात. आज आजींना ठोकणं ऐकू आलं नाही, म्हणून त्या वरपर्यंत पोचल्या. मग तो गच्चीतून परसात उतरला आणि बाहेरून कुलूप लावून गल्लीत गेला. तुमचा फोन त्याने तिथेच घेतला." त्या धाकट्याकडे वळल्या. "तासाभराच्या वाटेवरून आलेला माणूस ॲम्ब्युलन्सच्या आधी कसा पोचला, हे तुम्हीच सांगा."

धाकटा सावकाश खाली फरशीवर बसला.

"नोकरी गेली माझी," तो म्हणाला. "बाबा गेले त्याच महिन्यात. घरी सांगू उद्या, सांगू उद्या म्हणत राहिलो. बायको सकाळी डबा हातात द्यायची. मी इकडे यायचो."

"अरे, पण घर विकून तुलाही वाटा मिळणार होता," ताई म्हणाली.

"ते कळत होतं गं. पण घर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जायचं कुठे?"

"मला घाबरवलंस तू. इतके दिवस."

"तू घाबरायचीस आणि मलाच फोन करायचीस. मी वरून तुझं रडणं ऐकायचो." त्याने ओंजळीत तोंड लपवलं. "आज दार उघडलं तेव्हा मी घाबरलो. लोटलं. मला म्हातारीला पाडायचं नव्हतं."

"नसेल," फौजदारबाई म्हणाल्या. "पण त्या पडल्या. चला हॉस्पिटलात. त्यांच्या तोंडावर सांगा."

आजींच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. सुनेने खुर्ची पुढे केली, पण धाकटा उभाच राहिला. त्यांना ऐकू जावं म्हणून त्याला सगळं मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा ऐकत होती.

आजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर म्हणाल्या, "तक्रारीचं मुलगा आणि मी ठरवू. तुझ्या बायकोला अजून माहीत नाही?"

"नाही."

"मला परक्या बाईला सांगितलंस. आता तिला सांग. पोलिसाकडून कळू देऊ नकोस."

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. ताई घाबरलेलीच होती, पण तिने दारापर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने फोन कानाला लावला. पलीकडून बायको काहीतरी विचारत असावी.

मग तो म्हणाला, "ऐक. मी ऑफिसात नाहीये."