हयात की मयत

“जित्या माणसाच्या नावाम्होरं ‘मेलाय का जिता’ इचारणारा कागद माझ्या घरात नगं,” असं म्हणत गिताबाईंनी भाकरीचा हात तसाच लांब करून नातीच्या हातातला छापील कागद ओढला, आणि तो चुलीत जायच्या आत सुषमानं कसाबसा धरला… एक कोपरा सासूच्या मुठीत, एक सुनेच्या, आणि मधोमध धाकट्या लेकाच्या, जयसिंगच्या नावापुढं दोन रिकाम्या चौकटी : हयात, मयत.

“आजी, सगळ्यांच्याच नावापुढं तसं विचारलंय,” सोनम काकुळतीला येऊन म्हणाली. “फॉर्म हाय त्यो.”

“एकाला खाऊन बसली, आता धाकट्याच्या नावावर फुली मारायला निघाली,” गिताबाई म्हणाल्या. पण सुषमाला नव्हे, चुलीला. गेली पाच वर्षं त्या सुनेला जे काही सांगायचं ते चुलीला सांगत, नाहीतर गोठ्यातल्या मेंढीला, नाहीतर भिंतीला, आणि ज्याला सांगायचं त्याला ते बरोबर ऐकू जाई. सुषमाला आता त्याचा राग येत नसे. नुसता वैताग येई, हाडापर्यंत मुरलेला. कागद सोडवून तिनं पदरानं पीठ झटकलं आणि ती अंगणवाडीच्या कामाला निघून गेली.

पाच वर्षांपूर्वीच्या चैत्रात ती भावाच्या हळदीला माहेरी, वरवंडला गेली होती. दोन दिवस म्हणून गेली ती चार दिवस राहिली, आणि पाचव्या दिवशी भर उन्हात तिचा नवरा बिरदेव तिला आणायला खुटबावहून पायी निघाला, तो वाटेतल्या एका बांधावर जाऊन पडला… पडला तो उठलाच नाही. तू गेली नसतीस तर त्यो आला नसता, आला नसता तर पडला नसता, पडला नसता तर माझा लेक आज माझ्या म्होरं असता! जात्याच्या पाळीसारखी ही तीन वाक्यं त्या घरात फिरत राहिली, आणि फिरून फिरून ती सुषमाच्या काळजातही इतकी खोल रुतली, की कधीमधी एकटी असताना ती स्वतःच ती मनाशी म्हणू लागली.

म्हणूनच तर ती या फॉर्मच्या नादी लागली. सोनम दौंडला कॉलेजात. तिथं स्टेशनाजवळ, रेल्वेतून रिटायर झालेल्या सोपानरावांच्या नेट कॅफेत तिला ते सापडलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा हृदयरोगावरचा अभ्यास. ज्या घरातलं माणूस पन्नाशीच्या आत अवचित गेलं असेल, त्या घरानं आपण होऊन नाव नोंदवायचं, विचारलेलं खरंखरं सांगायचं, आणि बदल्यात काही मागायचं नाही. सुषमा पहिल्यांदा त्या खोलीत बसली आणि सोनम पडद्यावरचा एकेक प्रश्न मराठीत सांगू लागली. त्या दिवशी सकाळी ते काय करत होते? आधी कधी चक्कर आली होती का? चढ चढताना दम लागत होता का? ऐकता ऐकता सुषमानं पदर डोळ्यांना लावला… पाच वर्षांत सगळ्या गावानं तिला सांगितलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

पण डोळे पुसून होतात न होतात तोच खरा ताप सुरू झाला. अर्धा फॉर्म भरला की वीज जायची, आणि आली की सगळं पहिल्यापासून. सोपानराव म्हणायचे, रेल्वेत तीस वर्षं काढली, गाडी लेट होते, पण लेट झाली म्हणून परत मुंबईला जाऊन पहिल्यापासून निघत न्हाई, ह्ये यंत्र मात्र निघतं. चार फेऱ्या झाल्यावर फॉर्म गेला, तर दुसऱ्या दिवशी उलट टपाली उत्तर हजर : आपल्या सहभागाबद्दल मनःपूर्वक आभार, प्रश्न चौदा अपूर्ण आहे. प्रश्न चौदा म्हणजे मयत माणसाचं वय. मेंढरामागं उभा जन्म चाललेल्या माणसांचं वय! ज्यांच्या जन्माची नोंद कुठल्या दप्तरात नाही, ज्यांचं बारसं एका गावाच्या रानात, मेंढरांच्या जाळीच्या वाघरात आणि पहिला वाढदिवस… छे, वाढदिवस कसला!

ते वय ठाऊक असलेलं एकच माणूस घरात होतं, आणि ते सुषमाशी बोलत नव्हतं.

शेवटी तिनं युक्ती केली. गिताबाई मेंढ्यांना पाला टाकत होत्या, तेव्हा ती ओट्यावरून मुद्दाम मोठ्यानं सोनमला म्हणाली, सासरे गेले तवा साठीचे असतील, लिही साठ. गिताबाईंना चूक सहन होत नसे. त्या मेंढीला म्हणाल्या, “साठ म्हणं! गांधीबाबाला मारलं त्या साली त्यांला नुकतं मिसरूड फुटलं व्हतं, आन् एकल्यानं कळप कोकणात उतरवला व्हता. गेले बाहत्तरच्या दुष्काळात. कुठनं आले साठ?” सोनमनं बोटांवर मोजलं. सोळा आणि चोवीस, चाळीस. मग चुलत सासऱ्यांचं, म्हाकूचं वय सुषमानं पंचवीस सांगितलं, तेव्हा मेंढीला कळलं की म्हाकू दादल्यापेक्षा दोनच वर्षांनी धाकटा होता आणि आणीबाणीच्या साली घाट चढताना पडला. एकेचाळीस. आणि बिरदेवचे तर बाहत्तरच्या दुष्काळात दुधाचे दात पडत होते. एकोणचाळीस.

तिन्ही आकडे एकाखाली एक आले आणि सुषमाचा पेन थांबला.

कारणं तिघांची तीन होती. तात्याबा, तिचे सासरे, दुष्काळानं गेले म्हणत. पाठीमागं आणखीही काही म्हणत, पण ते तिनं कधी नीट ऐकलं नव्हतं. म्हाकूला घाटातल्या डोहाच्या आसरांनी धरलं. बिरदेवला बायकोनं मारलं. कारणं तीन, वय मात्र जवळजवळ एकच… तिघंही चालता चालता पडले होते, तिघंही चढाला नाहीतर उन्हाला. आणि त्या रकान्याखालच्या ओळीत दुष्काळाआधीच्या साली जन्मलेल्या जयसिंगचं नाव होतं आणि तो येत्या दिवाळीत एकोणचाळिसाव्यात जाणार होता.

जयसिंगला हे सांगणं म्हणजे आणखी एक वैताग. तो रांजणगावला कंपनीत शिफ्टला जायचा, उरल्या वेळात ऊस बघायचा, आणि सगळ्याची थट्टा करायचा. “वहिनी, मला आत्ताच मयत दाखवा, निदान थर्ड शिफ्ट तरी चुकंल,” म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी विषय उडवला. त्याची बायको अनिता मात्र पाण्याच्या हंड्याआडून हळूच सांगून गेली, की हे बांधावर मधूनच खाली बसत्यात, इचारलं तर बुटाची नाडी बांधतो म्हणत्यात. खिशात अॅसिडिटीच्या गोळ्या असत्यात. सुषमानं पुन्हा विनवलं, तर कंपनीत चेकप झालाय म्हणाला. कसला, तर वजन आणि उंची!

तिनं सोनमला त्या विद्यापीठालाच विचारायला सांगितलं. उत्तर आलं, हा केवळ अभ्यास आहे, कृपया आपल्या डॉक्टरांना भेटा. “एवढं घरातलं सगळं काढून घेतलं आन् शेवटी आम्हालाच डॉक्टरकडं जा म्हणतंय?” सुषमा उद्वेगानं म्हणाली. सोपानराव चष्मा पुसत म्हणाले, “मग बरोबरच म्हणतंय की.”

त्या संध्याकाळी जयसिंग उसाला पाणी देऊन आला तो ओठ निळे, कपाळाला घाम. त्यानं खांबाला हात टेकला आणि हसून म्हणाला, ऊन बाधलं. फेब्रुवारीतलं कसलं ऊन! सुषमाच्या तोंडून शब्द गेलेच, भावजी, उद्याच्या उद्या दौंडला चला, तुमच्या छातीत काहीतरी हाय. आणि गिताबाई ताडकन उठल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या चुलीला नाही, मेंढीला नाही, थेट सुनेच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

“माझ्या लेकाच्या छातीवर बोट ठिवू नगंस. तुझं बोट लागतं त्ये वाचत न्हाई.”

सोनमनं तोंडाला ओढणी लावली. सुषमाच्या अंतःकरणात काहीतरी तुटलं, आणि त्या तुटण्यातून, काय आश्चर्य, रडू आलं नाही. एक विलक्षण शांत, थकलेला शहाणपणा आला. तिला कळून चुकलं की आपल्या मायेनं हा माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही. आत्याच्या, म्हणजे सासूच्या, रागानं मात्र चढेल.

“आत्या,” ती म्हणाली, “पैज लावा. भावजींला तपासा. छाती चांगली निघाली तर बिरदेवाच्या देवळाम्होरं चार माणसांत मी सांगंन, की माझ्या मालकाला मीच मारलं. आन् हे घर सोडून वरवंडला जाईन. परत तोंड दावणार न्हाई.”

“आई!” सोनम ओरडली.

“आन् चांगली न्हाई निघाली तर?” जयसिंगनं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“तर तुम्ही औषध घ्यायचं. बाकी मला काय नगं.”

गिताबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “सोमवारी जाऊ. मी सोता येती. जया, सुट्टी टाक.” आणि ज्या लेकानं वहिनीचं, बायकोचं, पुतणीचं ऐकलं नव्हतं, तो आईपुढं निमूट मान खाली घालून उभा राहिला.

सोमवारी शटल गाडीनं सगळे दौंडला उतरले. दवाखान्यातल्या बाकावर एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, मधे सोनम. ईसीजी झाला. कागदाची लांब पट्टी बघून डॉक्टर म्हणाले, थोडा फरक वाटतोय, पण पित्तानंही दुखतं कधी. घरात कुणाला असं? गिताबाई म्हणाल्या, आमच्यात असलं काय न्हाई. तेव्हा सुषमानं उठून पिशवीतला तो रकान्याचा कागद पुढं ठेवला. चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, आणि प्रत्येकापुढं तिच्या अंगणवाडीच्या वळणदार अक्षरात : चालताना, चढताना, चालताना. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, मान वर केली आणि जयसिंगला आतल्या खोलीत सोनोग्राफीसारख्या मशीनखाली घेतलं.

दार लागलं. आणि त्या बंद दारासमोर सुषमा आयुष्यात कधी केली नाही अशी प्रार्थना करू लागली… देवा, माझी हार होऊ दे! त्याची छाती धडधाकट निघू दे, मी माझं घर सोडते, माझ्या लेकीचं तोंड सणासुदीला बघेन, जन्मभर नवऱ्याची मारेकरीण म्हणून जगेन, पण अनिताच्या कपाळावरचं तसंच राहू दे… एवढं मागताना तिचे ओठ हलत होते, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला गिताबाईंचेही ओठ हलत होते. दोघी एकच गोष्ट मागत होत्या, हे दोघींना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले ते हळू बोलले. हृदयाची भिंत जाड झालेली आहे. रक्ताबरोबर येणारा आजार, बापाकडून लेकाकडं. जड काम केलं, उन्हात दमलं, तर हृदयाचे ठोके एकदम बिघडतात आणि माणूस जागेवर पडतो. बायको कुठं होती, कोण भांडलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जयसिंगनं आजपासून औषध घ्यायचं, पुण्याला दाखवायचं, उसाचं काम बंद. आजच्या औषधानं पुष्कळ माणसं चांगली जगतात. आणि घरातल्या रक्ताच्या प्रत्येकाला तपासायचं. त्यांनी तिथल्या तिथं सोनमलाही मशीनखाली घेतलं. तिचं आज ठीक होतं. दरवर्षी यावं लागेल म्हणाले. “हा कागद नसता तर मी पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं,” ते सुषमाला म्हणाले.

सुषमा जिंकली होती, आणि भिंतीला डोकं टेकून हुंदके देत होती. आत जयसिंग सुट्टी आणखी किती दिवस टाकायची म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालत होता. त्याचा आवाज ऐकून तिला रडता रडता चीड आली, आणि चिडता चिडता हसू.

गिताबाई मात्र बाकावर तशाच बसल्या होत्या. मग त्या सरकत सरकत आल्या, सुनेला अगदी खेटून बसल्या आणि समोरच्या भिंतीकडं बघत बोलू लागल्या.

“दुष्काळात त्ये गेले, त्या दिशी सकाळी आमचं भांडाण झालं व्हतं. भाकर एकच व्हती. त्ये न खाताच कळपामागं गेले. माझ्या सासूनं मढ्यावरच सांगितलं, ‘तू उपाशी धाडलास, तू मारलास.’ सदतीस वर्सं झाली.” त्या थांबल्या. त्यांचा हात सुषमाच्या हातावर आला, खडबडीत, गार. “मला कुणी तरी म्हणलं व्हतं म्हणून मी तुला म्हणत ऱ्हायले. पोरी, डाक्टर म्हणला त्ये… त्यात माझं बी धरायचं का? मी बी न्हाई मारलं त्यांला?”

सुषमानं सासूकडं पाहिलं. पाच वर्षांचा सगळा वैताग, सगळा दाह तिथंच विरघळला… समोर सासू नव्हती. दुष्काळातली एक तरणी, पोरं पदरात घेतलेली, मढ्याजवळ उभी असलेली बाई होती.

“न्हाई आत्या. तुम्ही न्हाई मारलं.”

“लिवून दे.”

“काय?”

“कागदावर लिवून दे. मला वाचता येत न्हाई, पण लिवून दे.”

सुषमानं केसपेपरची मागची बाजू गुडघ्यावर धरली आणि मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं, की तात्याबा हृदयाच्या आजारानं गेले, गिताबाईमुळं नाही. बोट धरून तिनं एकेक शब्द सासूला वाचून दाखवला. गिताबाईंनी ओल्या डोळ्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला, जणू मेंढीच्या नवजात कोकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“आता खाली तुझं बी लिव,” त्या म्हणाल्या, “आन् ते मी म्हणती म्हणून लिव.”