रिकामी चाती

नाव बांधून झाली होती. तिला पाण्यात ढकलायचं कशानं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

नाव म्हणजे तरी काय, हातभर लांबीचं खेळणं. दोन पीव्हीसी पाइप, त्यांची तोंडं बंद केलेली, वर मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा. डब्यात बॅटरी, मोटर आणि रिमोटचं सर्किट. पुढे पेंडीचे गोळे आणि गळ ठेवायला झाकणाची पेटी. मच्छे गावाच्या मागच्या जुन्या दगडखाणीत पाणी साचून तळं झालं होतं. त्याच्या मधोमध एक मोठा कटला मासा राहत होता, आणि नागेंद्रनं कितीही जोरानं गळ फेकला तरी तो तिथवर जात नव्हता. ही नाव रिमोटवर तिथं न्यायची, बटण दाबून पेटी उघडायची, आमिष सोडायचं आणि नाव परत बोलवायची, असा बेत होता.

खरं सांगायचं तर कटल्याचं नागेंद्रला काही पडलं नव्हतं. वडगावातलं घर संध्याकाळी खायला उठायचं. बायको जयाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. यंत्रमाग त्यानं भंगारात दिले होते आणि जन्मभर खडखडाटात राहिलेल्या माणसाला ती शांतता सोसत नव्हती. एकुलती एक मुलगी नीलम निपाणीला, सासरी. तिला दिवस गेले होते, आता भरत आले होते. ती फोन करायची, "आप्पा, जेवलासा काय?" असं विचारायची, आणि नागेंद्र न जेवता "जेवलो गं" म्हणायचा.

शेजारचा किशन मच्छेच्या कारखान्यात लेथवर होता. मोटर, पंखे, पंप यांतलं त्याला कळायचं.

"अण्णा, पाण्यातला पंखा घालू नकासा," तो म्हणाला. "त्या खाणीत शेवाळ लई. भाईरच्या दांड्याला गुंडाळलं की नाव मधीच अडकतीय. मग काय पवत जाणार?"

"मग वरनं हवेचा पंखा लावतो."

"वारं बघिटलंय न्हवं तिकडचं? नाव सांबऱ्याच्या विमानतळावर जाऊन उतरंल." किशन हसला. "जेट घाला. खालनं पाणी वढतंय, मागनं फेकतंय. फिरायचं ते सगळं आत. भाईर काय फिरायचंच न्हाय. आमच्याकडं एक पंप पडलाय, शोधून आणतो."

सल्ला लाखमोलाचा होता. पण किशनचं शोधणं म्हणजे उद्या-परवा, आणि नागेंद्रला संध्याकाळ आजच काढायची होती. पितळी पंखा त्यानं आधीच करून ठेवला होता. हवा होता फक्त एक सरळ, गुळगुळीत पोलादी दांडा, डब्यातल्या मोटरपासून मागे पाण्यात जाणारा. घरभर शोधूनही तसा मिळेना. आणि मग त्याची नजर मागच्या पडवीतल्या कांडी भरायच्या, म्हणजे मागासाठी नळीवर सूत गुंडाळायच्या यंत्रावर गेली.

ते जयाबाईचं यंत्र. तिथं बसून तिनं उभी हयात कांड्या भरल्या होत्या. यंत्राची चाती, म्हणजे कांडी जिच्यावर चढवतात ती सळई, तिच्या बोटांनी घासून आरशासारखी झाली होती. जयाबाईचा त्या चातीबाबत एक कायदा होता. नीलम लहानपणी खेळता खेळता चाक फिरवायला गेली की ती हातावर चापट द्यायची. "रिकामी चाती फिरवू नगंस. तिला सूत लागतंय. कुठलं तरी शोधती मग ती."

नागेंद्रनं चाती काढली. क्षणभर हातात धरली आणि नावेला बसवली. गज तो गज, त्यात काय, असं स्वतःला म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी नाव झकास निघाली. पाण्यावर बारीक घुंघुं आवाज करत मध्यावर गेली, पेटी उघडली, गोळे पडले. परत येताना मात्र ती जड झाली, रेंगाळत काठाला लागली. गुंडाळलं शेवाळ, नागेंद्र मनात म्हणाला. त्यानं नाव उलटी केली.

शेवाळ नव्हतं. डबा आणि पंखा यांच्यामध्ये उघड्या राहिलेल्या चातीवर सूत होतं. डाळिंबी रंगाचं.

कुणी सुताचा कचरा खाणीत टाकला असेल, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि ते रास्तही होतं. पण पंख्यात अडकलेलं सूत गुंतून येतं, त्याचा गोळा होतो. हे एकाशेजारी एक, थरावर थर, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळतं भरलेलं होतं. मागाच्या धोट्यात घालायची कांडी भरतात तसं. वरचे फेरे ओले होते. आतलं सूत कोरडं होतं.

मध्ये एका ठिकाणी तुटलेलं सूत गाठ मारून जोडलं होतं. नागेंद्रनं चष्मा पुसला. विणकराची गाठ तीच, पण शेंडी उलट्या अंगाला गेलेली. जयाबाई डावखुरी होती. शहापूर-वडगावात हजार हातांनी मारलेल्या गाठींतून नागेंद्रनं तिची गाठ डोळे मिटून ओळखली असती.

घरी येऊन त्यानं ते सूत हलक्या हातानं रिकाम्या कांडीवर उतरवलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

किशन पंप घेऊन आला तेव्हा नागेंद्र म्हणाला, "राहू दे. पंखाच बरा हाय."

"गुंडाळत न्हाय?"

"गुंडाळतंय की."

"मग?"

नागेंद्रनं त्याला टोपलीतल्या भरलेल्या कांड्या दाखवल्या. किशननं एक उचलली, लगेच खाली ठेवली आणि बोटं पँटला पुसली. "अण्णा, हे बरं न्हाय," एवढंच तो म्हणाला. पंप तिथंच पायरीवर ठेवून गेला.

आता रोज संध्याकाळी नागेंद्र खाणीवर जायचा. पेंडीचे गोळे न्यायचं त्यानं सोडलं, गळही घरीच राहू लागला. नाव फार वेगात गेली तर सूत तुटेल म्हणून त्यानं मोटर हळू केली, जयाबाई चाक फिरवायची त्याच गतीवर आणून ठेवली. काठावर बसून तो बोलायचा. दूध महाग झालं, शेजारच्या मालुबाईच्या नातीचं लग्न ठरलं, तुझी तुळस मी जगवली बघ. पाण्यावरून घुंघुं ऐकू यायचं आणि पडवीत कुणी काम करत बसलंय असं वाटायचं. जगात आपल्याला कुणीतरी आहे, हे वाटणं किती मोठं असतं ते एकट्या माणसालाच ठाऊक.

मग नीलमचा फोन आला.

"आप्पा, आईची साडी काढून ठेवलासा न्हवं? डाक्तरीण म्हणती, आता कवाबी. बाळाला तिच्याच झोळीत घालायचं हाय मला."

ती साडी हातमागावरची शेवटची. नागेंद्रनं विणलेली, जयाबाईनं कांड्या भरलेली. डाळिंबी अंग, हिरवा काठ. "नीलमच्या बाळाला ह्या साडीच्या झोळीत निजवा," असं जयाबाई दवाखान्यातून सांगून गेली होती. तिचं मागणं तेवढंच होतं.

त्यानं ट्रंक उघडली. साडी घडी करून ठेवलेली होती. घडी फार पातळ होती.

उलगडली तर जेमतेम निम्मी. पदर नव्हताच. फाडलेली नव्हती, कसरीनं खाल्लेली नव्हती. जिथं संपली होती तिथं ताण्याचे उभे धागे चिमटी चिमटीनं बांधून नीट शेवट केला होता, जणू मागावरून तेवढीच उतरवली होती. गाठींच्या शेंड्या उलट्या अंगाला होत्या.

टोपलीतली कांडी शेजारी धरून पाहायची गरज नव्हती, तरी त्यानं धरली. रंग तोच. माग असते तर पुन्हा विणायला बसला असता, पण माग त्यानंच भंगारात घातले होते.

त्याच दुपारी त्यानं चाती काढून यंत्राला परत बसवली आणि किशनचा पंप नावेत जोडला. किशन म्हणाला होता तसंच झालं. जेटवर नाव सुसाट गेली, बाहेर काही फिरत नव्हतं, काही गुंडाळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा गोळे नेले, आणि त्या संध्याकाळी कटला गळाला लागलाही. थोराड, काळ्या पाठीचा. नागेंद्रनं त्याच्या तोंडातून गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं.

नाव मुकी झाली होती. काठावर त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून मिटलं. घरी पडवीत जाऊन तो यंत्रासमोर बसून राहिला. त्याला जयाबाई हवी होती. दुसरं काही नको होतं. एवढी साधी गोष्ट होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

निम्म्या साडीचीही झोळी होते, असा त्यानं विचार केला. बाळ केवढं असणार! आणि साडी त्यानं ट्रंकेतून काढून देवघरात ठेवली, वर समई ठेवली. आता तिला कोण हात लावतंय?

चाती पुन्हा नावेला लागली.

सूत आलं. पण डाळिंबी नव्हतं. पिवळं होतं, मऊ, बारीक. देवघरातली साडी जशीच्या तशी होती. नागेंद्रला इतका आनंद झाला की त्यानं किशनच्या घरी जाऊन चहा मागून घेतला. ती दुसरीकडून आणून देतेय, त्याला वाटलं. कुठून, हे त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच तो खाणीवर गेला. नाव मध्यावर पोचली आणि खिशातला फोन वाजला.

"आप्पा, एक गंमत सांगू?" नीलम हसत होती. "आईनं बाळासाठी पिवळं झबलं शिवून ठेवलतं बघा, आधीच, मी लग्नाची असतानाच. आज कपाट उघडलं तर त्याची एक बाहीच न्हाय. उंदरानं खाल्ली म्हणावं तर कुरतडलेलं न्हाय. टोकाला गाठी मारून बंद केलंय. कुणी केलं असंल?"

नागेंद्रनं रिमोटचा खटका ओढला. नाव वळली, जड झाली, काठाकडे यायला लागली.

"आप्पा? ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय. तू बरी हाइस न्हवं?"

"मी बरी हाय. बाळच जरा निवांत हाय आज. सकाळी लई लाथा मारत हुतं. आता घटकाभर झाली, हललं न्हाय. निजलं असंल, व्हय न्हवं?"

नावेला निघून घटकाभर झाली होती.

नाव काठाला टेकली. त्यानं ती उलटी केली.

चाती भरली होती. सूत पिवळं नव्हतं, डाळिंबी नव्हतं. त्याला रंगच नव्हता. खाणीचं पाणी गार होतं, नावेचा पाइप गार होता. नागेंद्रनं चातीवर बोट ठेवलं.

सूत कोमट होतं.

त्याचं एक टोक चातीवर होतं. दुसरं नावेमागून पाण्यात गेलं होतं, खोल, मध्याच्या दिशेनं.

"फोन ठेवू नगंस, नीलम," तो म्हणाला. त्यानं तो खांद्यानं कानाशी दाबून धरला, बॅटरीची वायर उपटली आणि दोन्ही हातांनी चाती उलटी फिरवायला लागला. तुटू नये म्हणून हळू, अगदी हळू. एकेक फेरा सुटून पाण्यात जात होता.

"जयू," तो पुटपुटला. "हे नको गं. हे माघारी घे."

चाती रिकामी होत आली. शेवटचे फेरे सुटले. टोक त्यानं चिमटीत धरलं.

"अगं बाई!" फोनमध्ये नीलम ओरडली आणि मग हसली. "मारली बघा लाथ! केवढी मारली!"

नागेंद्रनं श्वास सोडला. आता चिमटी उघडायची, की झालं.

तेवढ्यात पाण्याखालून कुणीतरी ते सूत हलकेच ताणलं. कांडी भरायला बसण्याआधी, सूत टिकेल का, हे बघायला ताणतात तसं.