गवताचं ठिगळ

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण माझा मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोत गिऱ्हाइकाच्या गालावरचा तीळसुद्धा तो विचारल्याशिवाय काढत नाही.

दर रविवारी, संध्याकाळी पाच दहाची गाडी. तिचे फोटो काढायचा छंद म्हणून जुन्या रेल्वे फाटकापलीकडच्या वळणावर मामा कॅमेरा लावायचा. आजोबाही सोबत जायचे. त्यांची उभी हयात त्याच फाटकावर नोकरीत गेलेली. गाडी आली की ते खांबाजवळ उभे राहायचे आणि हात वर करायचे.

“बाबा, फ्रेममध्ये येताय!”

“अरे, गार्डाला हात दाखवल्याशिवाय गाडी सोडू कशी?”

मामा कपाळावर हात मारून घ्यायचा. घरी आला की कॉम्प्युटरवर बसायचा. उजेड वाढवायचा, तिरका आलेला फोटो सरळ करायचा आणि शेवटी आजोबांना पुसायचा. शेजारचं गवत उचलायचं, त्यांच्यावर चिकटवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

शिवाय जागा वाचावी म्हणून त्याच फाइलवर सेव्ह करायचा. मूळ फोटो गेला तो गेलाच.

अशी सहा वर्षं.

आजोबा गेले. मामीने भिंतीवर लावायला फोटो मागितला. “गाडीसोबतचा द्या. तसेच शोभायचे ते.”

मामा दोन दिवस शोधत होता. तीनशे फोटो. सगळीकडे गवतच गवत.

महिन्याने तो पुन्हा वळणावर गेला. लख्ख ऊन होतं. गाडी आली, त्याने फोटो काढले, गाडी गेली.

गाडी गेल्यावरही रूळ थोडा वेळ वाजत राहतात. त्या दिवशी वाजले नाहीत...

घरी त्याने फोटो उघडला. अजून कशाला हातही लावला नव्हता.

खांबाजवळ गवताचा एकच झुपका दोनदा दिसत होता. तीच वाकलेली काडी, तेच सुकलेलं पान.

माणसाच्या उंचीचं ठिगळ...

आणि त्याचा हात वर होता.

मामाला वाटलं, कॅमेऱ्यातच दोष असेल. त्याने कॅमेरा बदलला. पुढच्या रविवारी ठिगळ खांबापासून चार पावलं अलीकडे आलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अलीकडे. आता हात वर नव्हता. पुढे केलेला होता.

“अहो, पुरे झालं. जाऊ नका तिकडे,” मामी रडकुंडीला आली.

“मला त्यांचा चेहरा हवाय गं. एकदाच.”

पुढच्या रविवारी त्याने मला सोबत नेलं. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः खांबाजवळ जाऊन उभा राहिला.

गाडी आली. मामाने हात वर केला.

“बाबा, चुकलो मी!”

मी बटण दाबलं. शेवटचा डबा गेला. मी कान देऊन ऐकत होतो...

रूळ वाजले नाहीत.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मामा नीट दिसत होता. फक्त त्याच्या डाव्या खांद्यावर पंजाएवढं गवत होतं. खांदा नव्हताच तिथे.

मामा ढसाढसा रडला. “हात ठेवलाय बघ त्यांनी. माफ केलं मला.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

तोच फोटो मोठा करून मामा-मामीने भिंतीवर लावला. त्यानंतर वळणावर काही दिसलं नाही. मामा खूश होता.

गेल्या महिन्यात मामीने मला बाजूला घेतलं. “तू काढलास तेव्हा गवत खांद्यापुरतंच होतं ना रे?”

मी फोटोजवळ गेलो. कागदावरचा फोटो, काचेआडचा.

गवत हनुवटीपर्यंत आलं होतं.

“जुना झाला की फोटो बिघडतोच,” मामा म्हणाला. इतकी वर्षं स्टुडिओ चालवणारा माणूस, पण बोलताना त्याने फोटोकडे पाहिलं नाही.

मूळ फाइल माझ्याकडे आहे. तिच्यावर मी काहीही सेव्ह केलेलं नाही. मामाचा गाडीसोबतचा तेवढाच एक फोटो आहे, तो जपायला हवा.

उघडून बघायची मात्र अजून छाती होत नाही.