हात खाली घे!

“थांबा! तिथेच... अजिबात हलू नका!”

मी जागच्या जागी खिळले. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत आले होते, त्यामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख. पुढे खड्डा आहे की डोक्यावर काही कोसळतंय, काही कळेना. आवाज मात्र वरून येत होता.

“आता अर्धं पाऊल डावीकडे... हं. हनुवटी वर. अजून थोडी.”

“अहो, पण झालंय काय?”

“बोला, बोलत राहा. बोललं की गालावरची सावली कळते.”

आणि माझ्या तोंडावर उजेड पडला, मऊ, उबदार, किंचित पिवळा. डोळे सरावले तेव्हा कळलं, मी मागच्या दाराने शिरून थेट रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी होते. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. वर एक उंच शिडी, आणि तिच्या टोकावर तिच्याहून फार बुटका नसलेला एक मुलगा, हातात जाड मोजे घालून दिवा फिरवणारा.

“झालं?” मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“दिव्याचं झालं. माझं... बघू.”

“अहो शिडीवरचे, मी इथे प्रकाशयोजना शिकायला आलेय, पुतळा व्हायला नाही.”

“मीही शिकायलाच आलोय हो. पण दिवा नेमका बसवायचा तर खाली कुणीतरी उभं लागतं. तुम्ही आयत्याच सापडलात!”

चिडावं की हसावं हे ठरेना, म्हणून मी दोन्ही केलं. तेवढ्यात बाकीची मंडळी आली, आमची कार्यशाळा सुरू झाली, आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी त्याचं नाव ‘शिडी’ पाडलं होतं. माझं नाव त्याने पाडलं, ‘लवंगी’. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून! मला राग यायला हवा होता. आला नाही, हीच काळजीची गोष्ट होती.

खरं तर असल्या गमतीजमतींना मला सवडच नव्हती. आमचं दिव्यांचं दुकान आहे, बल्ब, ट्यूब, झुंबरं, सगळं. मी त्या काउंटरमागेच वाढले. पण एकदा एका नाटकाला गेले आणि नाटक विसरून भिंतीकडेच बघत बसले. त्या भिंतीवर संध्याकाळ अशी हळूच उतरली होती, की शेजारच्या बाईंनी नकळत पदर अंगाभोवती ओढून घेतला. ते दिवे ज्यांचे होते, त्यांचीच ही कार्यशाळा. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात.

घरी विषय काढला तेव्हा दादा म्हणाला, “दिवे लावायला शिकायचं काय त्यात? बटण दाबलं की झालं.”

“तुम्ही रोज दाबताच की बटण,” वहिनी म्हणाली, “कधी टाळी पडलेली ऐकली नाही मी.”

बाबांनी मात्र तोडून सांगितलं. “हा आठवडा तुझा. त्या बाई शेवटी एकाला शिकाऊ म्हणून आपल्या दौऱ्यावर नेतात ना? तुला नेलं तर खुशाल जा. नाही नेलं तर मुकाट काउंटरवर बसायचं, आणि हा विषय पुन्हा निघायला नको.”

म्हणजे माझ्याकडे एकच आठवडा होता. आणि त्यात हा शिडी!

पहिल्याच दिवशी बाईंनी रंगमंचावर एक साधी लाकडी खुर्ची ठेवली. “या खुर्चीवरून आत्ताच कुणीतरी उठून गेलंय,” त्या म्हणाल्या, “असं मला वाटायला लावा.” आम्ही सगळ्यांनी हात आजमावून पाहिला. कुणी निळा मारला, कुणी लाल, एकाने तर खुर्ची अशी झगमगवली की तिचं लग्न लागणार आहे असं वाटावं. मग बाई स्वतः दिव्यांच्या बोर्डाशी गेल्या. एक दिवा, तोही बाजूने, आणि अगदी मंद. खुर्चीच्या पाठीची सावली जमिनीवर लांब झाली आणि एका कडेला उजेडाचा लहानसा तुकडा उरला. बस्स. कोण गेलं असेल उठून? परत येईल का? पांढऱ्या कापलेल्या केसांच्या, गळ्यात चष्मा लटकवलेल्या त्या ठेंगण्या बाईंच्या पायाच पडावं असं मला वाटलं.

“येईल ती परत,” शेजारून शिडी हळूच म्हणाला. त्याचेही डोळे ओले होते.

नेमकं तेव्हाच बाईंनी जोड्या लावल्या आणि आम्हा दोघांना एकत्र टाकलं. शेवटच्या दिवशी एक गायिका येणार, एकच गाणं म्हणणार, आणि प्रत्येक जोडीने तेच गाणं आपापल्या दिव्यांत दाखवायचं.

शिडी एका मोठ्या वाद्यवृंदाबरोबर गावोगावी दिवे सांभाळत हिंडायचा. आठवडा संपला की पुन्हा त्यांच्याबरोबर निघायचं होतं, त्यामुळे बाईंच्या दौऱ्यात त्याला रस नव्हता.

“मग आलात कशाला?” मी एकदा विचारलं. मागच्या पायऱ्यांवर आम्ही चहा पीत होतो.

“मला हजार माणसांवर उजेड पाडता येतो. एका माणसावर पाडता येत नाही,” तो म्हणाला. “ते शिकायचंय.”

अशी कबुली देताना त्याचे कान लाल व्हायचे. उंच माणसाचे कान लाल झालेले खूप लांबून दिसतात.

आणि काम? अहो, काम बघावं तर त्याचं. नटबोल्ट सैल करायचा, दिवा दोन बोटांनी जरासा वळवायचा आणि पाना आवळायचा, मध्ये एक शब्द नाही. शिडी तो उतरायचा अशी, की एकही पायरी वाजू नये. गाण्याचं रेकॉर्डिंग त्याने आधी डोळे मिटून ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मग म्हणाला, “हिला रंग नकोत फार. हिला सोबत हवी.” मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे मला का सुचलं नाही?

माझंही एक त्याला आवडायचं. दुकानात बसून बसून मला चेहऱ्यावरचा उजेड कळतो. कुठल्या बल्बखाली माणूस आजारी दिसतो आणि कुठल्या बल्बखाली नुकताच न्हाऊन आल्यासारखा, हे मी झोपेतही सांगेन. त्याने दिव्यावर निळा जिलेटिनचा कागद लावला की मी ओरडायचे, “काढा तो! गायिका चार दिवस तापात होती की काय?” तो निमूट काढायचा आणि मी दिलेला फिका केशरी लावायचा. मग खाली वाकून म्हणायचा, “मान गये... म्हणजे मान खाली गेली आमची.”

हळूहळू अहो-जाहोचं काय झालं, ते सांगते. एका दुपारी वरून जिलेटिनची लोखंडी चौकट सटकली आणि तो ओरडला, “सरक! मागे सरक तू!” चौकट माझ्या पुढ्यात पडली. मला काहीच लागलं नव्हतं, पण तो धडाधडा खाली आला, या वेळी प्रत्येक पायरी वाजली, आणि माझा हात उलटसुलट करून बघत राहिला. नंतर त्या ‘तू’ला परत ‘तुम्ही’ करणं दोघांनाही जमलं नाही.

बारीकसारीक गोष्टी त्यानेच शिकवल्या. “खाली उभं राहणारा कलाकाराच्या उंचीचा नसतो कधीकधी,” तो म्हणाला होता. “तेव्हा हात डोक्यावर उभा धरायचा. कलाकाराचा चेहरा जिथे येईल तिथे तळवा. मी दिवा तळव्यावर मारतो.”

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही तेच करत होतो. गायिका ऐनवेळी येणार होती, आणि ती चांगली उंच आहे हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी मधल्या खुणेवर उभी राहिले आणि तळवा डोक्यावर धरला. एकेक दिवा लागत होता. उजेडात धुळीचे कण तरंगत होते, आणि वर तो... पाना हातात धरून नुसता थांबला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“हात खाली घे ना.”

“का?”

“सावली पडतेय... तुझ्या चेहऱ्यावर.”

मी हात खाली घेतला. एवढ्या मोठ्या कामात मी त्याच्या शब्दावर शंका घेणार होते थोडीच! शिवाय त्या उजेडात उभं राहायला इतकं बरं वाटत होतं, की माझं डोकं जरा कमीच चालत होतं म्हणा.

दुपारी प्रेक्षागृह भरलं. तिसऱ्या रांगेत बाई. त्यांच्या मागे बाबा, दादा आणि वहिनी.

आमची पाळी आली. वाद्यं सुरू झाली. गायिका संथपणे चालत मधल्या खुणेवर आली, उंच टाचांचे बूट, केसांचा वर बांधलेला अंबाडा. शिडीने बोर्डावरचं बटण सरकवलं आणि दिवे उमलले.

गळा छान दिसत होता. हारही लखलखत होता. नाकाच्या वर मात्र काळोख!

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालं. शिडीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबांच्या रांगेतून दादाचं कुजबुजणं ऐकू आलं, “काय दिवे लावलेत!”

गाण्याचे शब्द अजून सुरू व्हायचे होते. दिवे हलवायला शिडी आणायची वेळ नव्हती. गायिकेला तर काही खाली करता येत नाही... येत नाही? विंगेत ते उंच स्टूल होतं, ज्यावर शिडी आपला चहा आणि पाना ठेवायचा. मी धावले. चहाचा कप जमिनीवर ठेवला, स्टूल उचललं आणि सरळ रंगमंचावर गेले, जणू हे सगळं आधीपासून ठरलेलंच होतं.

स्टूल खुणेवर ठेवायला गायिका जरा बाजूला झाली. मी ठेवलं आणि ताठ उभी राहिले.

आणि सगळे दिवे माझ्या चेहऱ्यावर होते.

एकही चुकला नव्हता. डावीकडचा, उजवीकडचा, मागून केसांना कड देणारा, सगळे बरोब्बर माझ्याच उंचीला, माझ्याच डोळ्यांशी येऊन थांबले होते. मी निवडलेला तो फिका केशरी. घरी आरशात मी कधी इतकी सुंदर दिसले नव्हते, आणि हे मला आरशाशिवायच कळत होतं. सकाळभर वर बसून तो कुणाकडे बघत होता, ते भर सभागृहात, माझ्या बाबांसमोर, लख्ख लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं. माझे कान तापले. उंची कमी असली म्हणून काय झालं, तेही लांबून दिसले असणार.

मी गायिकेला हाताने ‘बसा’ म्हटलं. ती मुरलेली कलाकार, जराही न चुकता हसून बसली. तिचे डोळे उजेडात आले, आणि ती गायला लागली. उंच स्टुलावर एकटीच बसलेली बाई, भोवती काळोख, आणि उजेड असा जवळ आलेला, जणू कुणी शेजारी बसून ऐकतंय. त्याला हवी होती ती सोबत. गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाही वाजवत होता.

सगळ्या जोड्या झाल्यावर बाई रंगमंचावर आल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग शिडीकडे.

“हे दिवे कुणासाठी लावले होते?”

“गायिकेसाठी, बाई,” तो पुटपुटला.

“मी म्हातारी आहे, आंधळी नाही.”

सभागृहात हशा उसळला. त्यात वहिनीचा आवाज सगळ्यात मोठा होता! शिडीने मान खाली घातली आणि म्हणाला, “चूक माझी आहे. हिने हात बरोबर धरला होता. मीच खाली घ्यायला लावला. हिला नापास करू नका.”

“चूक तुझीच,” बाई म्हणाल्या. “पण चूक दिसल्यावर डोकं धरून न बसता स्टूल आणलं ते हिने. मला दौऱ्यावर असंच माणूस लागतं.” मग माझ्याकडे वळून, “सोमवारी बॅग घेऊन ये.”

मला रडूच फुटलं. बाबा जागेवरून उठले होते. त्यांनी घसा खाकरला आणि दादाला म्हणाले, “काउंटरला आता दुसरं माणूस बघायला हवं.” एवढंच म्हणाले, पण माझ्याकडे बघत म्हणाले.

“आणि तुझं पहिलं काम,” बाई जाता जाता म्हणाल्या, “वरचा हा दिव्यांचा बार पुन्हा नीट लावून ठेव. खाली उभं राहायला... उंच माणूस घे.”

खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी हातात मोजे चढवले, ते त्याचेच होते आणि मला ढगळ होत होते, आणि शिडी चढले. तो खाली खुणेवर उभा राहिला. पहिल्यांदाच मी वर होते आणि तो खाली.

“हनुवटी वर,” मी म्हटलं. “बोलत राहा. बोललं की सावली कळते.”

“पहिल्या दिवशी तो दिवा आधीच बसवून झाला होता,” तो म्हणाला.

“काय?”

“तू दारातून आलीस, तेव्हा मी शिडी उतरायच्या बेतात होतो. पण तू अशी डोळे बारीक करून उभी होतीस की... मी ओरडलो. थांबा म्हणून.”

मला पाना घट्ट धरावा लागला. “आणि आता सोमवारी मी एकीकडे, तू दुसरीकडे.”

“गावं बदलतील. पण थिएटरं ठरलेली असतात गं, कुठे ना कुठे गाठ पडेलच. आणि नाही पडली तर मी पाडीन.” तो उजेडात डोळे मिचकावत वर बघत होता. “दिवा जरा रुंद कर ना.”

“कशाला? एकटाच तर उभा आहेस.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “मला एकटं नाही उभं राहायचं, लवंगी. तुझ्याबरोबर राहायचंय. प्रेम आहे माझं तुझ्यावर.”

मी दिवा रुंद केला, दोघं मावतील इतका. मग शिडी उतरले, एकेक पायरी वाजवत, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझं डोकं जेमतेम त्याच्या खांद्याशी येत होतं. त्याने तळवा हळूच माझ्या डोक्यावर धरला, दिवा मारायची खूण करतात तसा.

“हात खाली घे,” मी म्हटलं.

त्याने घेतला आणि माझ्या हातात दिला.